स्पंजला कुणी खाल्लं का नाही?

परवा अमरावतीला भाचीच्या पीएचडीचा व्हायवा ऐकायला गेले होते. विषय, समुद्रातले स्पंज, म्हणजे तळाशी चिकटून राहणारे मऊ प्राणी, औषधी रसायनं बनवायला कसे शिकले. वऱ्हाडात समुद्र नाही, हे घरातल्या प्रत्येकाचं पल्लवीला ऐकवून झालंय... जणू तिचा भूगोल कच्चा होता.

दादा, म्हणजे माझा भाऊ आणि तिचा बाप, शेंदूरजनाघाटहून घरच्या संत्र्यांचं क्रेट घेऊन आला होता. आमच्याकडे व्हायवा म्हणजे अर्धं साक्षगंधच, साखरपुडाच म्हणा. नातेवाईक पुढच्या रांगेत आणि लक्ष नाश्त्याच्या खोक्यांवर. खरं तर प्रश्न कुणीही विचारू शकतं, पण नातेवाईक विचारत नाहीत... अब्रूचा मामला असतो.

पल्लवीनं सुरुवात झकास केली. मग बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, हे जरा सोप्या शब्दांत सांगा. झालं... पोरगी इंग्रजीत अडली, पुस्तकी मराठीतही अडली.

आणि दादा उठला. मी त्याचा सदरा खाली ओढला, तरी उठला.

"काहून वं बाई, त्याले पळता येत नाई, चावता येत नाई... मंग त्याले आतापर्यंत कोनी खाऊन काहून नाई टाकलं?"

हॉलमध्ये खसखस पिकली. पल्लवी मात्र बापाकडे वळली.

"खाल्लं नं बाबा. जे निस्ते मऊ होते ते संपले. ज्याईच्या अंगात थोडं कडू तयार झालं ते वाचले, मंग त्याईचेच लेकरं वाढले. आपल्या संत्र्याच्या सालीचा वास ज्या खानदानातला, त्यातलेच रसायनं हायेत त्याईच्यापाशी."

मग ती थांबेचना. काही रसायनं स्पंजच्या अंगात राहणारे जिवाणू बनवतात, म्हणजे भाडेकरू. पण काहींची कृती घरमालकाच्याच जनुकांत सापडते, हे तिनं परीक्षकांना अस्सल वऱ्हाडीत समजावलं. ते माना डोलवत ऐकत होते... निकाल तिथंच जाहीर झाला. पल्लवी डॉक्टर झाली.

परतताना दादा गाडीत संत्र्याची साल नाकाशी धरून बसला होता. टाकून द्यायला तयार नव्हता.

मी मात्र स्पंजची मनापासून आभारी आहे. जागा सोडता येत नाही, चावता येत नाही, तेव्हा अंगात थोडा कडूपणा येतोच... अकोल्यात माझ्या जिभेला नावं ठेवणाऱ्या सासरच्या मंडळींनी हे शांतपणे वाचावं.