रजिस्टरात फक्त 'टँकर उलटला'

आमच्या फायर स्टेशनात एक जाडजूड रजिस्टर आहे. कॉल आला की त्यात नोंद होते. 'टँकर उलटला. गाडी रवाना. काम उरकून परत.' बस्स, एवढंच! पण परत आल्यावर हातपाय धुऊन चहाला बसलं की जे बोलणं निघतं, ते कुठल्याच रजिस्टरात मावत नाही. ते आमच्याकडेच साचत राहतं.

परभणी जिल्ह्यात फायरमन म्हणून माझी बावीस वर्षं गेली. कडब्याच्या गंजी, जिनिंगमधला कापूस, दुकानं, किती आगी विझवल्या ते आठवत नाही. केमिकलच्या उलटलेल्या गाड्या मात्र एकूण एक आठवतात. आगीत काय करायचं हे आधीच ठाऊक असतं. केमिकलात दर वेळी नवं शिकावं लागतं, आणि शिकवणारा कोण निघेल ते सांगता येत नाही.

*

माझा पहिला टँकर पोखर्णीच्या रस्त्यावरचा. नोकरीला लागून चार महिने झालेले, अंगात नुसता जोर! गाडी थांबली तसा मी पाइप घेऊन धावलो. टँकर नाल्यात कलंडलेला. खालून तेलासारखं जाड काहीतरी वाहत होतं आणि त्याच्याखालचं गवत काळं पडत चाललं होतं. मी पाणी सोडणार, तेवढ्यात आमचे ड्रायव्हर जब्बारभाई मागून आले आणि त्यांनी पाइपच हिसकावला.

"पाणी न्हाई मारायचं! तेजाब हाय त्ये! उकळून तुझ्याच तोंडावर यील!"

मग आम्ही लांबूनच मातीचा बांध घातला. टँकरचा ड्रायव्हर कडेला बसून विव्हळत होता, त्याच्या हातावर तेजाब उडालं होतं. आता जब्बारभाईच ओरडले, "आन पाणी! सोड ह्याच्या हातावर! थांबू नको!"

अर्धा तास मी पाणी धरून उभा. शेवटी म्हणालो, "भाई, आत्ता तर पाणी नको म्हणत होता!"

"जमिनीवरच्या तेजाबाला पाणी नको. माणसाला पाणी. त्याला देताना हात आखडायचा न्हाई."

नंतर चहाच्या वेळी मी विचारलं, इतक्या लांबून ओळखलं कसं? म्हणाले, "मागं पाटीवर नंबर नसतो का? अठराशे तीस म्हंजे तेजाब." सातवी शिकलेला माणूस! मी म्हटलं, "हे कोणत्या पुस्तकात वाचलं, भाई?"

त्यांनी शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी वितळून पुन्हा थिजल्यासारखी.

"ह्या पुस्तकात," म्हणाले, आणि बाही खाली केली.

*

मॉक ड्रिलचंही सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसतं रडवायलाय.

वरून एक साहेब घड्याळ लावून तपासायला आले होते. रिकामा टँकर उभा केला होता. ऑफिसातला एक क्लार्क पेशंट म्हणून रस्त्यावर आडवा पडणार होता. मे महिन्याचं ऊन. आम्ही मास्क लावून, स्ट्रेचर घेऊन वेळेत पोचलो. पाहतो तर पेशंट गायब!

साहेबांनी विचारलं, "पेशंट कुठाय?"

कुणीतरी म्हणालं, "साहेब, ऊन लय होतं. त्यो सावलीला चहा प्यायलाय."

साहेबांनी पेन काढलं. "मग मयत लिहा."

आम्ही पोट धरून हसलो. जब्बारभाई तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "खऱ्यात बी असंच होतंय. गॅसचा वास गेला, बरं वाटलं, म्हणून माणूस उठून घरी जातो. जेवतो, झोपतो. आन मग छातीत पाणी भरतंय त्याच्या. दवाखान्यात न्यायला कोणीच नसतंय, कारण सगळ्यांना वाटतंय हा तर वाचला!"

त्या क्लार्कला त्यांनी स्वतः जाऊन आणलं आणि स्ट्रेचरवर निजवलं.

*

सेलूकडच्या एका गावाजवळ अमोनियाच्या टँकरचा व्हॉल्व्ह फुटला. रस्ता उंचावर, गाव खाली, आणि वारा सरळ गावाकडे. वारा पाठीवर घेऊन पळणं माणसाला सोपं वाटतं. पण गॅससुद्धा त्याच वाऱ्यावर बसून येतो! निम्मं गाव तसंच, वाऱ्याबरोबर पळत सुटलं होतं.

गावाच्या तोंडालाच दोन खोल्यांची शाळा. तिथं साळवे मॅडम एकट्या. डोळ्यांना झोंबायला लागलं तसं त्यांनी मूठभर माती उचलून हवेत सोडली आणि वारा बघितला. पोरांचे रुमाल, टॉवेल, मिळेल ते पाण्यात बुडवलं.

"तोंडाला ओलं फडकं! एकमेकाचा हात सोडायचा नाही! आणि आडवं चला, वाऱ्याच्या आडवं!"

कापसाच्या रानातून त्यांनी तीस लेकरं बाजूच्या टेकाडावर नेली. आम्ही पाण्याचे फवारे मारून गॅस दाबला, गळती बंद केली आणि टेकाडावर गेलो. पोरं खोकत होती, डोळे लाल झाले होते, पण सगळी धड. मॅडम मात्र बोलायला गेल्या आणि आवाजच फुटेना. सगळ्यांना ओरडून सांगायचं म्हणून त्यांनी स्वतःच्या तोंडाला फडकं लावलंच नव्हतं!

आठ दिवस दवाखान्यात होत्या. काही महिन्यांनी मी त्या शाळेत सुरक्षेवर बोलायला गेलो. मॅडम शिकवत होत्या, अगदी कुजबुजल्यासारख्या. मी म्हटलं, "मॅडम, फार त्रास होत असेल शिकवताना."

त्या हसल्या. "आधी घसा फोडून ओरडायचे, तरी मागच्या रांगेत गोंधळ. आता बघा, श्वाससुद्धा जपून घेतात!"

मी मागच्या रांगेकडे बघितलं. एक पोरगी डोळे पुसत होती.

*

कापसावरच्या फवारणीचे दिवस. औषधांच्या बाटल्या भरलेली एक पिकअप वळणावर उलटली. मागं बसलेला हमाल, पन्नाशीचा माणूस, खालपासून वरपर्यंत औषधानं भिजला. एका हवालदारानं त्याला मिठी मारूनच बाहेर ओढलं. आम्ही पोचलो तेव्हा हमालाच्या तोंडातून लाळ गळत होती, आणि हवालदारालाही दरदरून घाम फुटला होता. औषध कातडीतूनच अंगात शिरतं हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार?

लोक हमालाला तसाच जीपमध्ये घालत होते. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम धावत आल्या. "थांबा! आधी दोघांचे कपडे काढा. साबण लावून धुवा. असाच नेलात तर नेणाराही पडेल!"

हवालदारानं वर्दी उतरवली. आम्ही रबरी हातमोजे चढवून हमालाला हात घातला, तर त्यानं धोतर गच्च धरलं. शेतातल्या खुरपणाऱ्या बाया जमल्या होत्या. "बायामाणसं हायत," तो म्हणाला. "मी न्हाई काढणार. मरू द्या."

बायांमधली एक म्हातारी पुढं झाली. "पोरींनो, फिरा गं!"

पंधरा-वीस बाया लांबवर गोल करून, पाठ फिरवून, पदर पसरून उभ्या राहिल्या. भिंतच! म्हातारी पाठमोरीच म्हणाली, "आमी पाठ केली, दादा. धू आता."

त्यानं डॉक्टर मॅडमकडं बघितलं. त्या तिथंच, इंजेक्शन भरत.

"मामा," त्या म्हणाल्या, "मी पाठ केली तर तुम्ही जाल."

त्यानं धोतर सोडलं. दोघंही वाचले.

*

चुडाव्याच्या अलीकडं भरदुपारी एक टँकर कलंडला आणि बातमी आमच्याआधी गावात पोचली, "स्पिरिट सांडायलंय!" आम्ही जाईपर्यंत बादल्या, कॅन, घागरी भरून लोक पसार. ड्रायव्हरच्या कागदावर लिहिलं होतं, मिथेनॉल.

मिथेनॉल वासाला दारूसारखं. घोटभर पोटात गेलं तर चढतंही तसंच. मग दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढं धुकं येतं, आणि त्यापुढं काय ते सांगवत नाही. पेटलं तर दिवसा त्याची ज्वालाही धड दिसत नाही. आमच्या साहेबांनी गावातल्या विहाराच्या आणि देवळाच्या, दोन्ही भोंग्यांवरून ओरडून सांगितलं. "हे विष आहे! कुणावर केस होणार नाही! आणून द्या!" तासभर झाला. एक बादली आली नाही. दारं लावलेली, गल्ली चिडीचूप.

तेव्हा काठी टेकत गावातले किसनबाबा आले. दोन्ही डोळे गेलेले. साहेबांच्या हातातला माइक त्यांनी चाचपडत घेतला.

"मी किसन बोलायलोय. लग्नातली दारू पिऊन माझे डोळे गेले, तुमाला ठावं हाय. आमी तिघं प्यालो होतो. दोघं गेले, मी राह्यलो. आज दुपारी मी वट्ट्यावरच बसलो होतो. मला दिसत न्हाई, पण कोणाच्या पायाचा आवाज कोणत्या दारात गेला ते कळतंय. नाव घ्यायला लावू नका."

माइक खाली ठेवून ते चावडीपुढच्या उन्हात उभे राहिले.

एक दार उघडलं. मग दुसरं. कुणी मान खाली घालून येई, भांडं ठेवून जाई. किसनबाबा बोटांवर मोजत होते. ओळ लागली कॅन-घागरींची. गल्ली पुन्हा शांत झाली तसे साहेब म्हणाले, "झालं बाबा. सगळं आलं. चला सावलीला."

"एक राह्यलंय."

"कुणीच उरलं नाही आता."

"एक राह्यलंय, साहेब," ते म्हणाले आणि हलले नाहीत. मी पाणी नेऊन दिलं, तेही घेतलं नाही. घाम गळ्यापर्यंत उतरला होता.

बऱ्याच वेळानं कोपऱ्यावरच्या घरातून चाळिशीचा एक माणूस निघाला. हातात पाच लिटरचा कॅन, झाकण बंद. अनवाणी, आवाज न करता चालत आला आणि बाबांच्या पायाशी कॅन ठेवला.

किसनबाबांनी हात पुढं करून त्याचा खांदा धरला.

"चल आपल्या घरी," म्हणाले. "तुझी माय जेवायची थांबली आसंल."