पहिलं घमेलं

आमच्या कॉलनीतलं एकही घर परवानगी घेऊन उभं राहिलेलं नाही. पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्यापासून आत, एकानं बाजरीच्या वावराचे तुकडे पाडले आणि माझ्या वडिलांसारख्या खेड्यातून आलेल्या माणसांनी ते गुंठ्या-गुंठ्यानं विकत घेतले. रस्ता नव्हता, नळ नव्हता, कागद नव्हता. घर बांधायची रीत मात्र पक्की ठरलेली होती. भिंती कुणाच्या डोळ्यांत खुपणार नाहीत अशा बेतानं चढवायच्या आणि स्लॅब शनिवारी सकाळी टाकायचा. शनिवार-रविवार ऑफिसला सुट्टी. सोमवारी साहेब उगवला तर वर स्लॅब, खाली पेटलेली चूल आणि दारात कडेवर पोर घेतलेली बाई. नांदत्या घरावर हात टाकायला त्यालाही जड जायचं.

स्लॅबच्या दिवशी अख्खी गल्ली राबायची. ज्याचा स्लॅब त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं आणि ज्यानं तुमच्याकडं घमेली वाहिली त्याच्या स्लॅबला तुम्ही जायचं. बाकी सगळे कायदे आम्ही मोडले, हा मात्र कुणी मोडला नाही.

आमचा स्लॅब टाकला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. लग्नसराईत निम्मी गल्ली गावाकडं गेलेली, माणसं कमी पडली. ओढ्यापलीकडच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवली होती. आई तिकडं गेली आणि त्या मेंढरांवाल्यांची एक नवी सून बोलावून आणली. ती बाई दिवसभर शिडीवर उभं राहून घमेली वर देत होती. तिच्या लुगड्यावर सिमेंटचं पाणी वाळून कडक झालं होतं. संध्याकाळी आईनं तिला पोटभर वाढलं आणि म्हणाली, "तुजं घर व्हईल तवा पहिलं घमेलं मी उचलीन." पालात राहणाऱ्या बाईला असं म्हणायला काय जातं? सगळे हसले, तीही हसली. तिला मी तेव्हापासून मावशी म्हणते.

पुढं आमची कॉलनी नियमित झाली. नियमित झाल्या झाल्या माणसांचे चेहरे बदलले. कालपर्यंत साहेबाची जीप दिसली की मागच्या दारानं पळणारे लोक सकाळी ट्रॅकसूट घालून फिरायला लागले. कॉलनीला कमान झाली, कमिटी झाली, कमिटीला एक निवृत्त अध्यक्ष मिळाले. ओढ्याच्या बाजूनं काटेरी तार आली. ओढ्यापलीकडं आता ज्यांनी गुंठे घेतले त्यांना आमची कॉलनी 'अतिक्रमणवाले' म्हणते. हा शब्द अगदी सहज, तोंड न भाजता निघतो.

मावशी त्यांच्यातलीच. मेंढरं संपली, नवरा वाळूजला एका कंपनीत कंत्राटावर लागला, मुलगाही त्याच्यामागं गेला. दोघांनी मिळून पलीकडं एक गुंठा घेतला आणि पत्र्याची खोली टाकली. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. सून बाळंतपणाला माहेरी गेली ती आलीच नाही. तिच्या बापानं निरोप धाडला, स्लॅब टाका, मग लेकीला आणि नातवाला पाठवतो. मावशीनं नातवाचं तोंड फक्त मोबाइलवर पाहिलेलं. म्हणून तिनं पत्र्याची खोली तशीच ठेवून शेजारी विटांच्या चार भिंती चढवायला घेतल्या.

मी एका आर्किटेक्टकडं नकाशे काढते. शहराच्या नव्या आराखड्यात ओढ्यापलीकडची जमीन हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेतीची, दाखवलेली. तिथं वेडी बाभूळ उगवते आणि कॅरीबॅगा उगवतात. नकाशातला तो हिरवा रंग हीच तिथली एकमेव हिरवळ. पट्टा पिवळा केला, राहण्यासाठी मोकळा केला, तर माणसांना परवानगी घेऊन घरं बांधता येतील आणि शनिवारची चोरी बंद होईल, एवढं साधं माझं म्हणणं. मी ते लिहून दिलं आणि सुनावणीला गेले. तिथं मी म्हणाले, वाळूज आणि चिकलठाण्यात रात्रपाळी करणारी माणसं कुठंतरी झोपणारच. तुम्ही जागा दिली नाही तर ती हवेत झोपणार नाहीत, ती तशीच चोरून बांधतील, जशी आम्ही बांधली. आणि कॉलनीतही दोन मजले चढवू द्या, म्हणजे भाडेकरू तरी मावतील.

माझ्यामागून आमचे अध्यक्ष उठले. कॉलनीतली वीस-पंचवीस माणसं त्यांनी रिक्षांत घालून आणली होती. ते म्हणाले, "साहेब, आम्हालाच आठवडा-आठवडा पाणी नाही. आधी पाणी द्या, मग माणसं वाढवा." माणसं वाढवायची म्हणजे जणू ती कुणीतरी पेरणार होतं. माणसं आलेलीच होती, आमची भांडी घासत होती. मी तसं म्हटलंसुद्धा. तेव्हा मागून एक बाई ओरडल्या, "तुमचा लई जीव जळतोय तर घ्या तुमच्या घरात!" सगळे हसले. त्या हसणाऱ्यांत आई पहिल्या रांगेत बसली होती. निकाल नंतर कळवू असं सांगून साहेब चहाला गेले.

निकालाची वाट मावशीच्या व्याह्यानं बघितली नसती. एका गुरुवारी दुपारी ती आमच्याकडं आली. कुंकवाचा करंडा घेऊन, धुतलेलं लुगडं नेसून. आईला कुंकू लावलं आणि म्हणाली, "वयनी, शनवारी स्लॅब हाय आमचा. तुमी म्हनल्या व्हत्या, पहिलं घमेलं उचलीन. यायला पायजे बरं का."

आई म्हणाली, "व्हय गं, येते ना. न येऊन कसं चालंल?"

मी तिथंच बसले होते. ज्या कॉलनीनं सुनावणीत विरोध केला तिथं येऊन स्लॅबचा दिवस सांगणं हा निव्वळ येडेपणा होता. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, "मावशी, कुणाला सांगत फिरू नका."

"म्या कुनाला सांगतेय? वयनीला सांगितलं," ती म्हणाली. "त्यांचा स्लॅब म्या वाहिला, त्यांना नाय तर कुनाला सांगू?"

शनिवारी सकाळी आई ठेवणीतली साडी नेसून निघाली, मीही गेले. मिक्सर धडधडत होता, सेंट्रिंगवर लोखंड बांधून तयार. मावशीनं नारळ फोडला. आईनं पहिलं घमेलं दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि शिडीवरच्या माणसाकडं दिलं. मावशी पदर तोंडाला लावून रडत होती. तिच्या मुलानं ते सगळं मोबाइलवर बायकोला दाखवलं. एका कोपऱ्यात पातेल्यात वरण शिजत होतं, बायका पोळ्या लाटत होत्या. खरं सांगायचं तर त्या सकाळी मला आईचा अभिमान वाटला. सुनावणीतलं तिचं हसणं मी मनातून पुसून टाकलं.

स्लॅब निम्म्याच्या पुढं गेला आणि जेसीबी आला. सुट्टीच्या दिवशी. मागं अतिक्रमण पथकाची गाडी, पोलीस, हातात मेगाफोन. माणसांना खाली उतरवलं. मावशीचा मुलगा हात जोडून साहेबाच्या पुढं पुढं पळत होता. मी हरकतीचा अर्ज, सुनावणी, प्रलंबित निकाल असं काहीबाही ओरडत होते. साहेब म्हणाले, "मॅडम, हिरवा पट्टा आहे. बाजूला व्हा." ओला स्लॅब पाडायला काही कष्ट पडत नाहीत. जेसीबीनं खालच्या टेकूंना एक धक्का दिला. सगळं एकदम खाली बसलं, चिखल बसावा तसं, आणि सळया वाकून वर आल्या.

घरी आल्यावर आई मोरीत हाताचं सिमेंट खरवडत होती. मी म्हणाले, सुट्टीच्या दिवशी पथक आलं म्हणजे कुणीतरी आधीच कळवलं असणार.

"अध्यक्षांनी फोन केला," आई म्हणाली. "मीच सांगितलं त्यांना गुरुवारी."

मला वाटलं ती चेष्टा करतेय.

"असं काय बघतेस? एक स्लॅब टिकला की तिथं पन्नास होतील. मग आपल्या पाण्याच्या पाइपाला कनेक्शन कुणाचं? रस्ता कुणाचा?"

"आणि मग घमेलं कशाला उचलायला गेलीस?"

"शब्द दिला होता." तिनं हात टॉवेलला पुसले. "उचलीन म्हणाले होते, उचललं. राहू देईन असं म्हणाले होते का? तू सुनावणीत तुझं बोललीस, मी माझ्या परीनं माझं."

मी आईला खूप बोलले. लेकीनं आईला बोलू नये ते सगळं बोलले. ती निवांत ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, जेव आता.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. डोळे सुजलेले, आणि हातात डबा. स्लॅबचं जेवण उरलं होतं, माणसं न जेवताच गेली, म्हणून वरण आणि पोळ्या ती आमच्यासाठी घेऊन आली. व्याह्याचा फोन येऊन गेला होता. नातू आता येणार नाही, आणि लेकीसाठी दुसरीकडं बघतो, असं तो म्हणाला होता. हे सांगून ती आमच्या स्लॅबखाली, फरशीवर, भिंतीला टेकून बसली. आईनं चहा ठेवला.

माझ्यानं राहवलं नाही. मी सरळ म्हणाले, "मावशी, पथक आलं ते आईमुळं. अध्यक्षांना तिनंच सांगितलं. गुरुवारी, तुम्ही गेल्यावर."

आई चहा गाळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

मावशी भिंतीचा टेकू सोडून ताठ बसली. मग तिचा चेहरा असा काही कडक झाला की मीच घाबरले. "जीभ झडंल, बाई," ती म्हणाली. "सवताच्या आईवर असा आळ घेतेस? तुजं ते नकाशाचं काय झालं नाय, त्याचा राग वयनीवर काडू नको. त्यांनी घमेलं कपाळाला लावलेलं म्या डोळ्यानं बघितलंय."

आईनं कप तिच्या हातात दिला. ती फुंकर मारून प्यायली, मग पदरानं तोंड पुसलं.

"वयनी, सळया सरळ करून घेतोय पोरगा," ती म्हणाली. "पुन्यांदा टाकू. दिवस ठरला की पयले तुमालाच सांगते."

"सांग गं," आई म्हणाली. "येते मी."