माझ्या टाक्याचा फोटो अजून फिरतोय

"युटेरस रप्चर," अमरावतीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे गर्भपिशवी फाटली. आधीच्या सिझरची शिवण कळांनी उसवली. पिशवी काढावी लागली. मग त्यांनी खुर्ची ओढून माझा हात धरला, तेव्हाच कळलं, मुलगी गेली.

बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. गोड करून लिहिणार नाही.

पहिला मुलगा माहेरी, अकोल्याला झाला. दिवस भरायच्या आत, पोटात आडवा, म्हणून सिझर. आत काय केलं, असं विचारलं तर तिथले डॉक्टर म्हणाले, "बाळ हातात दिलं ना? मग?" कापसाच्या भावासाठी मोर्च्यात गळा फाडणारी मी, तिथे गप्प झाले.

दुसऱ्या खेपेला सासरी, वलगावात होते. तपासणीला गेलं की, "आताही सिझरच." का, ते कोणी सांगेना. फोनवरच्या गरोदर बायांच्या ग्रुपात मात्र प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळायचं. व्हीबॅक हा शब्द तिथेच शिकले. सिझरनंतर नेहमीच्या वाटेने बाळंतपण. ग्रुप चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, टाक्याचा फोटो टाक. टाकला. "आडवा आहे! बिनधास्त होईल!" खाली बदामांची रांग. शिवाय सल्ला: "दवाखान्यात लवकर गेलीस की कापतात. कळा घरीच काढ."

सासूबाई चिडल्या. "फोनातल्या बायकाइले पोटातलं दिसते काय वो?"

कळा सुरू झाल्या. मी ग्रुपला कळवत राहिले. मग एक जीवघेणी सणक आली आणि कळा एकदम थांबल्या. "विश्रांतीचा टप्पा आहे, घाबरू नको," ताईंनी लिहिलं. सासूबाईंनी माझा पांढराफटक चेहरा पाहिला आणि शेजारच्या सलीमभाईंना ऑटो काढायला लावला. पुढचा रस्ता मला आठवत नाही. माझा जीव वाचला तो या दोघांमुळे.

डॉक्टरबाईंनी नंतर समजावलं, "कातडीवरचा टाका आडवा, पण आत पिशवीवर उभा छेद होता. तो वरून दिसत नाही. तसा असेल तर कळा येऊच द्यायच्या नसतात. सिझरनंतर नॉर्मल पुष्कळ जणींचं होतं. पण आतला छेद माहीत पाहिजे, आणि कळा ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यातच काढायच्या."

एवढंच तर सांगायचं होतं! कोणी आधी सांगितलं असतं, तर मी फोनला पोट दाखवत बसले असते का?

घरी आल्यावर झालं ते सगळं ग्रुपवर लिहिलं. ताईंनी ते पुसलं. "इथे नकारात्मक नको." मलाही काढलं. माझ्या टाक्याचा फोटो मात्र राहिला.

काही महिन्यांनी अकोटहून एका पोरीचा फोन आला. "ताई, तुमचा टाका पाह्यला ग्रुपवर, नंबरबी तिथंच भेटला. माहाबी तसाच हाये. तुमचं नॉर्मल झालं ना?"

मी सगळं सांगितलं. तशी ती म्हणाली, "आता कोणाले विचारू?"

"ज्यानं चिरलं त्याले. सांगत नाही तोवर खुर्ची सोडू नको."

ती खरंच बसून राहिली. तिचाही आतला छेद उभाच निघाला.

परवा तिचा पुन्हा फोन आला. कळांच्या आधीच सिझर झालं. मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत. "पाहाले या ना ताई," म्हणते.

हो म्हटलंय. अजून पाय उचलत नाही.