तात्याबा गुरवांचा कौल

आमच्या चकलांब्याचे तात्याबा गुरव लई हसरे, पण बंकटचं नाव निघालं की मान खाली घालायचे. त्याचं असं झालं, जर्मनच्या लढाईसाठी निजाम सरकारने गावाकडे वीस बैल मागितले. लढाई कशाची, कोणाला ठाऊक? पेरणी मात्र तोंडावर आलेली. बीडला तालुकदाराकडे, म्हणजे निजामाच्या जिल्ह्याच्या साहेबाकडे, गावातर्फे बोलायला कोण जाणार? निम्मं गाव बंकट म्हणालं, निम्मं विठ्ठलराव. शेवटी देवीला कौल लावला. ज्याच्या नावाचं फूल आधी पडेल, त्याने जायचं. फुलं लावणारे तात्याबा. बंकट फटकळ, साहेबाशी भांडून गाव गोत्यात आणील, या धास्तीने त्यांनी विठ्ठलरावांचं फूल मुद्दाम सैल लावलं.

विठ्ठलराव बीडहून साहेबाने दिलेला फेटा बांधून आले, वीसच्या वीस बैल कबूल करून. बंकटची जोडी गेली. देवळाचे म्हणून तात्याबांचे बैल सुटले. तात्याबा बंकटकडे सगळं सांगायला गेले, तर तोच म्हणाला, "देवीचा कौल हाय, गुरवबाबा. तुमी कावून रडता?"

तात्याबा न सांगताच परतले. पुढे दरसाल ते आधी बंकटचं रान पेरून देत, आणि बंकट चारचौघांत म्हणे, "असा देवमाणूस न्हाई."

हे त्यांनी मला सांगितलं, तेही बंकट गेल्यावर.