राक्षसाचं हसू

भेटीची वेळ संपून पाच मिनिटं झाली होती. रुग्णालयाच्या रखवालदाराने मला आणि आमचे शेजारी सदूभाऊ यांना दारातच अडवलं, ते मला पटलंही. नियम म्हणजे नियम. आत सदूभाऊंच्या पत्नी होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं.

मग रखवालदाराने सदूभाऊंना ओळखलं. "अहो, कार्टूनमधल्या राक्षसाचा आवाज तुमचाच ना? तेवढं हसून दाखवा काका, मग सोडतो." त्याने मोबाइल पुढे धरला.

या माणसाने रंगमंचावर राजे उभे केले, मालिकांमधून सासरे केले, मुलांसाठी राक्षसही रंगवला. तिसरी घंटा झाली की आपण त्याच्यासमोर मुकाट बसतो. नाट्यगृहाबाहेर मात्र त्याचा गळा म्हणजे चौकातला नळ. कुणीही यावं आणि सोडावा. आणि जो एका हसण्यासाठी वाकतो, तो नियम कसला? माझं डोकं फिरलं. मी बोलणार, तोच सदूभाऊंनी माझा हात दाबला आणि ते हसले. अख्खा व्हरांडा दणाणला.

"एक नंबर, काका!" रखवालदाराने दार उघडलं.

आत वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या.

"शेवटी श्वास कमी पडला तुमचा," त्या म्हणाल्या.

"पडला खरा," म्हणत सदूभाऊ त्यांच्या उशाशी बसले.

बाहेर रखवालदार तेच हसणं मोबाइलवर पुन्हा पुन्हा वाजवून सगळ्यांना ऐकवत होता. दर वेळी तो श्वास त्याच जागी तुटत होता, आणि दर वेळी लोक खिदळत होते.