गुणाजीचे गप्प पाय

माझा चुलतभाऊ गुणाजी रेवसच्या कोळीवाड्यातला. चौसष्ट सालच्या सुमारास आम्ही दोघंही मुंबईच्या एका कारखान्यात होतो. मी तारा जोडायचो, तो माल भरायच्या लाकडी पेट्या ठोकायचा. बोलण्याचं काम दोघांच्या वतीने त्याच्याकडेच. तिथे वैमानिकांना शिकवण्यासाठी नकली हेलिकॉप्टर तयार होत होतं. आत खुर्ची, हाताशी दांडे, पायाशी दोन पेडल, समोर तबकड्या. बाहेरचं दिसू नये म्हणून वर झाकण, आणि सगळा खोका विजेवर जागच्या जागी डुलायचा.

चाचणीसाठी आत बसायला माणूस हवा होता. गुणाजी म्हणाला, "तुफानात होडी राखतो मी. ह्या खोक्याचं काय घेऊन बसलात?"

झाकण पडलं, खोका डुलला आणि दिशेचा काटा गरगर फिरला. दरवेळी तेच. चाचणी घेणारे देवस्थळी साहेब म्हणाले, "दोष यंत्राचा की तुझा, हेच कळत नाही. सोमवारी शेवटचं बघू. नाही जमलं तर तू आपल्या पेट्यांवर परत."

शनिवारी घरी येताना लाँच कलली, तसा गुणाजी स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. होडी कलली की कोळ्याचे पाय आपोआप फळीवर रोवले जातात. खोक्यातही तेच होत होतं. पाय रोवला की पेडल दबे आणि काटा फिरे.

रविवारी तो नांगरलेल्या होडीत बसला, दोन्ही चवड्यांखाली एकेक अंडं ठेवून. लाट आली, अंडी फुटली. त्याची बायको नीराबाई किनाऱ्यावर बोंबील वाळवत होती.

"पाय हायेत का वल्ही?"

"गप ऱ्हा. विमानाचं काम हाय."

"त्याला अंडी लागतात व्हय? मंग कोंबडीलाच धाडा नोकरीला."

संध्याकाळपर्यंत वाडीत कुणाकडे अंडं उरलं नाही, पण शेवटची दोन शाबूत राहिली.

सोमवारी खोका कितीही डुलला तरी काटा जागचा हलेना. मग गुणाजीने डावा दांडा उचलला, तेव्हा मात्र काटा उडी मारून अडकला. पुन्हा उचलला, पुन्हा तसंच.

"सायेब, माझे पाय आता गप हायेत. ही उडी तुमच्या यंत्राची."

साहेबांनी मागची फळी उघडली. दांड्याच्या जोडावरचा बोल्ट ढिला झाला होता. तो आवळत ते म्हणाले, "पेट्यांवर दुसरा माणूस बघायला हवा."

पुढे नवं यंत्र आलं की त्यात पहिला गुणाजीच बसे. खरं हेलिकॉप्टर त्याने कधी उडवलं नाही. वाडीत कुणी तसं हिणवलं तर म्हणे, "उडवनारे लय हायेत. त्यांच्या आधी बसनारा मी एकटाच."