मामा पाळण्यात बसले तेव्हा

माझ्या सासऱ्यांना चहा नसला तरी चालतं, माणूस नसलं की चालत नाही. आम्ही त्यांना मामा म्हणतो. तरुणपणी ते शिवाजी पेठेतल्या तालमीत कुस्ती खेळले. पुढं राधानगरी रोडला आपल्याच उसाच्या रानात त्यांनी एक छोटं पार्क काढलं. सगळ्या भावकीनं तेव्हा त्यांना वेड्यात काढलं होतं. झुकझुक गाडी, घसरगुंड्या, एकमेकांवर आदळायच्या मोटारी आणि मधोमध आकाशपाळणा. पार्क चालवायचं काम माझं आणि नवऱ्याचं. मामांचं काम एकच, फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचं आणि ओरडायचं, "या पावणं! कुठलं म्हणायचं?"

पाहुणा गावाचं नाव सांगायचा. मग मामा त्या गावातला कुणी पैलवान काढायचे, त्याची सोयरीक काढायचे, आणि दोन-तीन प्रश्नांत तो पाहुणा आमच्या नात्यातला निघायचा. नात्यातल्या माणसाला तिकीट कसं लावायचं? माझा नवरा तिकीटखिडकीत बसून नुसता दातओठ खायचा.

तर अशा माणसाला रोगाच्या साथीनं घरात कोंडलं. फाटकाला कुलूप लागलं ते वरीसभर निघालं नाही. पहिले काही महिने मामा फोनवर बोलायचे, मग फोनही उचलेनात, भिंतीकडं तोंड करून बसून राहायचे. भाकरी अर्धी टाकून उठायला लागले. ज्या माणसाच्या ताटात वाढताना माझा हात दुखायचा, तो माणूस! मी डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "यांना तसं काही झालेलं नाही. माणसांत न्या, आपोआप बरे होतील." आणि लगेच पुढं म्हणाले, "पण छातीत दमा आहे, तेव्हा माणसांपासून लांब ठेवा." मला असा संताप आला म्हणता! मी म्हणाले, "डॉक्टर, दोन्हीतलं एक काय ते सांगा की." डॉक्टर बिचारे चष्मा पुसत बसले.

पार्क उघडायची परवानगी आली तेव्हा पेपरात दोन बातम्या शेजारी-शेजारी होत्या. एकीत निम्म्या माणसांवर पार्क उघडायला हरकत नाही, दुसरीत रुग्ण पुन्हा वाढायला लागलेत. मी नवऱ्याला विचारलं, काय करायचं? तो म्हणाला, "बघू." लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून मी 'बघू' सोडून दुसरा निर्णय ऐकलेला नाही. मामा मात्र अंघोळ करून, कडक इस्त्रीचा सदरा घालून, फेटा बांधून दारात उभे.

"मामा, तुम्ही यायचं नाही," मी म्हणाले.

"माझं पार्क, आन् मीच न्हाय?"

"माणसांत मिसळायचं नाही म्हणजे नाही. लांबनं बघायचं."

"लांबनं म्हंजे किती लांबनं?"

माझं डोकं आधीच फिरलं होतं. आम्ही पार्कात पोचलो तरी मामा मागं लागलेलेच. शेवटी मी हात वर केला आणि आकाशपाळण्याचं टोक दाखवून ओरडले, "तितक्या लांबनं!"

मामांनी वर बघितलं. मिशीला हात लावला. म्हणाले, "चालतंय की."

मी रागात बोलले होते हो! पण ऐकतंय कोण? तासाभरात पाळणा चालवणाऱ्या गड्यानं एका डब्यात गादी टाकली, पाण्याची कळशी ठेवली, उन्हाला छत्री बांधली आणि मामांच्या हातात भोंगा दिला. त्यांच्या पुढचा नि मागचा डबा मोकळा सोडायचा, बाकी डब्यांत माणसं बसवायची. म्हणजे पाळणा फिरला की मामाही फिरणार. खाली आले की मास्क वर ओढून तोंड गप्प, वर गेले की मास्क खाली आणि भोंगा चालू. "याऽऽ पावणं! कुठलं म्हणायचं?" खालचा पाहुणा मान वर करून गावाचं नाव ओरडायचा, तोवर मामा खाली निघालेले असायचे. पुढचा प्रश्न पुढच्या फेरीला. सोयरीक जुळायला चांगल्या चार-पाच फेऱ्या लागायच्या, आणि पाहुणाही हटायचा नाही. मामांना चक्कर कशी येत नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मी फाटकावर ताप बघायची बंदूक घेऊन उभी. रणरणत्या उन्हातनं मोटरसायकलवर आलेल्या प्रत्येक गड्याला त्या बंदुकीनं ताप दाखवला. सगळ्यांना आंब्याखाली बसवलं, गार होऊ दिलं, पुन्हा बंदूक लावली. एकजण म्हणाला, "वैनी, आमी काय कलिंगडं हाय व्हय, गार करून आत घ्यायला?"

आणि मग सुरू झाली खरी गंमत. एका डब्यात एकाच घरातली माणसं बसवायची, असा आम्ही नियम केला होता. मी एका घोळक्याला विचारलं, एका घरातली किती? पुढचा म्हणाला, "सगळीच." मागं बघितलं तर पोरंसोरं धरून निम्मी पेठ उभी! मामांच्या तालमीतले पैलवान, पैलवानांची पोरं, सुना, व्याही. मामांनी आदल्या दिवशी सगळ्यांना फोन केले होते. इतके महिने न उचललेला फोन त्यांनी नेमका त्या दिवशी उचलला होता. आपल्याकडं नवं जातं घेतलं तरी चार माणसं बोलावतात, मग पार्क उघडताना भावकीला सांगायचं नाही, ही गोष्टच त्यांच्या डोक्यात बसेना. सगळ्यांनी मास्क लावले होते, हात धुतले होते, नाव ठेवायला जागा नव्हती. पण आम्हाला परवानगी होती तेवढी सगळी माणसं आमचीच झाली. फुकटात.

तेवढ्यात गडहिंग्लजहून एक जीप आली. नवरा-बायको, म्हातारी आई, दोन मुली. मुलींनी नवे फ्रॉक घातलेले. मी हात जोडून सांगितलं, आत जागा नाही. धाकटीनं गळाच काढला. मामा तेव्हा नेमके टोकाला होते. त्यांनी वरनं सगळं बघितलं आणि भोंग्यातनं जी आरोळी ठोकली, तिनं रस्त्यापलीकडच्या गोठ्यातली म्हसरंही उठून उभी राहिली असतील.

"तालमीतली समदी भाईर! लाज हाय का न्हाय? पावणं उनात उभं हायत, आन् तुमी घसरगुंडीवर!"

आणि काय सांगू, मिशा पिकलेले पैलवान घसरगुंडीवरनं उतरून मुकाट चपला शोधायला लागले. मामांनीच बोलावलं, मामांनीच हाकललं, पण रागवलं कुणी नाही. बाहेर रस्त्याकडेला झाडाखाली लांब-लांब बसून त्यांनी घरनं आणलेले डबे सोडले. गडहिंग्लजच्या मुली पाळण्यात बसल्या. मी हसून हसून आंब्याच्या खोडाला टेकले होते.

त्या दिवशी मामा दोन भाकऱ्या जेवले. मी परातीत पीठ मळताना रडले, पण ते सुखाचं रडणं होतं.

नंतरचे आठवडे तसेच गेले. दर सुट्टीला गर्दी वाढत होती, आणि पेपरातला आकडाही वाढत होता. मला दोन्ही दिसत होतं. पहाटे मामा खोकले की मी अंथरुणावर उठून बसायची. कान देऊन ऐकायची, नेहमीचा खोकला आहे की वेगळा. नवऱ्याला म्हणावं बंद करूया, तर मामांचं अर्धं ताट डोळ्यांपुढं यायचं. उघडं ठेवावं तर साथ घरात यायची भीती, बंद करावं तर हा माणूस पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसणार. कुणी तरी वरनं हुकूम काढावा आणि माझ्या डोक्याचा ताप उतरवावा, असं मला मनापासून वाटायचं. मोठ्या शहरांतली पार्कं बंद होत होती म्हणे. आमच्याकडं अजून काही आलं नव्हतं.

अशाच एका रविवारी मी फाटकावर होते. बंदूक, सॅनिटायझर, तीच कामं. आणि अचानक माझ्या लक्षात आलं की बराच वेळ मामांचा आवाज नाही. पाळणा फिरतोय, छत्री दिसतेय, भोंगा गप्प. मी बंदूक टाकून धावत सुटले. "खाली आण! पाळणा खाली आण!" गड्यानं डबा खाली आणून थांबवला. मामा गादीवर बसलेले, भोंगा मांडीवर, डोळे उघडे.

"मामा! दम लागला?"

"न्हाय."

"मग बोलत का नाही?"

"आदी ती गाणी बंद कर."

गाणी बंद केली. आमच्याकडं ध्वनिक्षेपकावर सकाळपासून गाणी चालू असत, आणि पार्काच्या दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस. गाणी थांबली आणि उसाच्या पलीकडनं, मोठ्या रस्त्यावरनं, शहराकडं जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा आवाज आला. तो विरतोय तोवर दुसरा.

"वरनं समदं दिसतंय, पोरी," मामा म्हणाले. "सकाळधरनं बघतोय. एक गेली की दुसरी हाय. तुमास्नी खाली उसामुळं दिसत न्हाय, आन् गान्यामुळं ऐकू येत न्हाय. फाटक लाव."

आणि बघा माझी अक्कल, इतके दिवस हेच ऐकायला आसुसलेली मी, तीच वाद घालायला लागले. "मामा, अजून सरकारचा हुकूम नाही आला."

"सरकार पाळण्यात बसलंय व्हय?"

मामांनी गड्याला खूण केली. पाळणा पुन्हा वर गेला. टोकाला थांबला. मामा उभे राहिले, छत्रीचा दांडा धरून, आणि भोंग्यातनं म्हणाले, "पावणं, आता घरला जावा. कुटं थांबू नका, कुनाकडं जाऊ नका, नीट घरला जावा. तिकिटं जपून ठेवा, जवा उघडंल तवा त्याच तिकिटावर या." आधी लोकांना चेष्टा वाटली. कुणी तरी खालनं ओरडलं, "मामा, आमचं गाव तर इचारा!" मामांनी विचारलं नाही. ते तसेच उभे राहिले, शेवटचं माणूस फाटकाबाहेर जाईपर्यंत. मग खाली आले आणि कुलूप स्वतःच्या हातानं घातलं. मला हात लावू दिला नाही.

घरी येताना गाडीत माझ्या मनात एकच होतं, आता पुन्हा ते वरीस सुरू. पुन्हा ती भिंत, पुन्हा उरलेली भाकरी. त्या दिवशी मी चुलीपुढं बसले. भाकरी थापली, मटणाचा तांबडा रस्सा केला, ताट मांडलं आणि त्यांच्याकडं बघायचं टाळत दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

मामांनी हात धुतले. पहिली भाकरी रश्श्यात चुरून संपवली. दुसरी संपवली. मग मान वर करून माझ्यावर खेकसले, "उबी काय ऱ्हायलीस? उद्या मला समद्यास्नी फोन लावायचाय, घरात बसा म्हनून. रिकाम्या पोटानं ओरडायला येतंय व्हय? वाढ की!"